बरणीतलं पाणगवत

माझ्या सासूबाईंना घरात शिळं पाणी चालत नसे. पहाटे उठल्या की घागरी, कळशा, तांबे सगळे ओतायचे, राखेनं घासायचे आणि आडाचं ताजं पाणी भरायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात आड तळाला जाई, पोहरा नुसता खडखडे, तरी त्यांचा नेम चुकत नसे. माहेरी मैंदर्गीला गेले की मी आईपाशी यावरून यथेच्छ कुरकुर करी.

माझी धाकटी नणंद तेव्हा क्षयानं अंथरुणाला खिळली होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या माडीवरून तिला समोरची भिंत तेवढी दिसे. मामंजी शाळेत सृष्टिविज्ञान शिकवत. त्यांनी तळ्यातून पाणगवत उपटून आणलं, मिठाईवाल्याकडून काचेची मोठी बरणी मागून घेतली, तळाशी वाळू घालून त्यात ते लावलं आणि बरणी तिच्या उशाशी खिडकीत ठेवली. फितीसारखी लांब हिरवी पानं पाण्यात हलू लागली.

"वहिनी, हे बघ की, लई गोड दिसतंय," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिनं आपणहून काही दाखवलं होतं. मला रडू आवरेना.

पण सासूबाईंच्या लेखी बरणीतलं पाणीही पाणीच. रोज सकाळी त्या ते ओतत, बरणी लख्ख घासत आणि मेथीची जुडी धुवावी तशी मुळं धुऊन गवत पुन्हा वाळूत खोचत. लेकीच्या उशाशी घाण नको, एवढंच त्यांच्या मनात. पानं पिवळी पडून कुजली. मामंजींनी पुन्हा गवत आणलं, तेही गेलं. बायकोपुढे ते ब्र काढत नसत. मी बोलले तर "तू मला शिकवू नकोस" म्हणून माझं तोंड बंद झालं. असा संताप आला होता!

तिसऱ्यांदा गवत लावलं तेव्हा नणंदच बोलली, "आई, मलाही रोज धुतेस, पुसतेस. मी बरी झाले का? त्याला तरी स्वस्थ राहू दे की."

सासूबाई खाली गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. पण नंतर बरणी त्यांनी कधी रिकामी केली नाही. आटेल तेवढं पाणी वरून घालत. काच हिरवट होई, तेव्हा त्यांचे हात शिवशिवत, ते मला दिसे. गवत तगलं. वाळूतून एक धागा सरकत गेला आणि त्याच्या टोकाला नवं रोप उभं राहिलं. नणंद दिवसभर कुशीवर वळून तेच पाहत असे.

दिवाळीच्या आधी ती गेली. तिला घरातून नेल्यावर शेजारच्या बायका रीतीप्रमाणे घरातलं भरलेलं पाणी ओतू लागल्या. घागरी झाल्या, हंडे झाले. एकजण माडीवर गेली ती तशीच परत आली. म्हणून मी वर गेले.

सासूबाई बरणीला दोन्ही हातांनी कवटाळून बसल्या होत्या.

"सासूबाई, सोडा. रीत आहे ती," मी म्हणाले.

"नको गं ओतू," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं मूळ धरलंय त्यानं."