सोमवारी बंद पडणारी गाडी

माझी गाडी फक्त सोमवारी बंद पडायची. बाकीचे दिवस बटण दाबलं की लगेच सुरू. सोमवार उजाडला की ढिम्म. यंत्राला काही वार कळत नाहीत, म्हणजे यात माणसाचा हात आहे, हे मी दुसऱ्याच सोमवारी ठरवून टाकलं. माझा स्वभावच तसा. भाजीवाल्याने आपणहून जास्त कोथिंबीर दिली तर मी जुडी उलटून खालची बाजू बघते.

गाडी दिसायला आजोबांच्या काळातली आहे. मोठा गोल दिवा, फुगीर टाकी, काट्याचं मीटर, दोन्ही बाजूंनी चकचकीत पत्रा. आतून मात्र ती अगदी आजची. पहिल्यांदा जानेफळच्या स्टँडवर उभी केली तेव्हा चहाच्या टपरीवरची मंडळी उठून तिच्याभोवती फेरी मारून आली.

"म्याडम, जुनी घेतली का नवी?" एका काकांनी विचारलं.

"नवी आहे."

"मंग जुन्यावानी काऊन दिसते? अन् किक कुठी हाय?"

किक नाही, नुसतं बटण आहे, असं सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, जणू माझी फसवणूक झाल्याची त्यांची खात्रीच पटली होती. पुढे मलाही त्यांचं पटायला लागलं. जुन्या गाडीची बॅटरी उतरली तर किक मारता येते, ढकलून सुरू करता येते. हिच्यात सगळा कारभार बॅटरीवर. बॅटरी गेली की हिला कितीही ढकला, घाम तेवढा येतो.

पण ती चालते तेव्हा काय चालते! माझी शाळा साखरखेर्ड्याच्या पलीकडे. आधी मेहकरला एसटी बदलून जायचे. एक गाडी चुकली की दुसरी गेलेली असायची आणि हजेरीपटासमोर मुख्याध्यापक घड्याळ बघत बसलेले असायचे. आता घाटाच्या चढावर ही आपला धक् धक् आवाज न बदलता चढते, हँडलमधून तो ठोका तळहातात येतो, आणि दोन्ही बाजूंना तुरी, कपाशी, मध्येच एखादं संत्र्याचं शेत मागे जात राहतं. त्या रस्त्यावर मी कुणाची सून नसते, कुणाच्या वर्गातली बाई नसते. असं सुख मला आधी कधी मिळालं नव्हतं. म्हणून ती बंद पडायला लागल्यावर मी एवढी पिसाळले.

पहिला संशय नवऱ्यावर. तो नांदुऱ्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला असतो. शनिवारी येतो, सोमवारी पहाटेच्या गाडीने जातो. त्याला पहिल्यापासून मी बिनगिअरची स्कूटी घ्यावी असं वाटत होतं. शनिवारी येणार, सोमवारी जाणार, आणि सोमवारीच गाडी बंद! अजून काय पुरावा पाहिजे? रविवारी तो मागच्या गोठ्यात गाडी पुसायला लागला की मी काहीतरी निमित्त काढून तिथे जाऊन उभी राहायचे.

"तू इथं काऊन उभी हायेस?" तो विचारायचा.

"हवा खाऊन राह्यली," मी म्हणायचे. गोठ्यात!

तिसऱ्यांदा शाळेत उशीर झाला तेव्हा तो सरळ बोलला. "आता एक डाव बंद पडली तं मी विकून टाकतो. गिऱ्हाईक हाय. तुयी नोकरी जाईन या धुडापायी." हे त्याने प्रेमाने म्हटलं होतं, तरी मला त्यात बेत दिसला. मग एका शनिवारी त्याला कामामुळे येता आलं नाही. सोमवारी गाडी बंदच. नवरा सुटला.

मग मिस्त्री. मेहकर रोडवरचे चाचा चांगले कारागीर, पण त्यांना गाडी फार आवडली होती आणि विकायची असेल तर आधी मला सांगा, असं ते दर वेळी म्हणायचे. त्यांनी बॅटरी तपासली, वायरिंग तपासलं.

"गाडीमधी काहीच नाही मॅडम," ते म्हणाले. "बॅटरी कोनतरी खाऊन राह्यलं."

"कोण?"

"आता ते मले कसं मालूम? घरात कोन कोन हाय?"

घरात कोण कोण! मी आणि सासूबाई.

गाडी घेतली त्या दिवशी सासूबाईंनी तिच्या चाकाला हळदकुंकू लावलं खरं, पण लावता लावता म्हणाल्या होत्या, "बाईच्या हाती येवढं धूड? पडशीन ना वं." शेजारणी माझ्या गाडीवरून काही बोलल्या तर त्या गप्प ऐकून घ्यायच्या, हेही मी लक्षात ठेवलं होतं. आता सगळं जुळायला लागलं. गाडी मागच्या गोठ्यात उभी असते. बैल विकले तेव्हापासून गोठा रिकामाच होता. किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला. संध्याकाळी मी पुढच्या खोलीत वह्या तपासत बसलेली. त्या मागच्या दाराने कितीदा जातात-येतात, कोण बघतंय? ज्या बाईच्या हातचा चहा मी सकाळी पिते, ती मला दारातच अडकवते?

पुढच्या रविवारी नवरा घरी नव्हता. मी किल्ली खिळ्यावरून काढून तुरीच्या डाळीच्या डब्यात खोल खुपसली आणि वह्या घेऊन बसले. वहीत मात्र माझं लक्ष नव्हतं.

दिवेलागण झाली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, तुळशीपुढे लावला. मग मागच्या दाराशी गेल्या, परत आल्या. खिळ्याकडे पाहिलं, खाली जमिनीवर पाहिलं. पुन्हा खिळा. शेवटी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"सूनबाई, गाडीची किल्ली कुठी हाय वं?"

सापडल्या! मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मी शांतपणे आत गेले, डब्यातून किल्ली काढली, त्यांच्या हातात दिली आणि चपला न घालता त्यांच्यामागे गेले.

गोठ्यात त्यांनी किल्ली लावली, फिरवली. गाडीचा मोठा गोल दिवा लागला. या गाड्यांचा दिवा किल्लीबरोबर लागतो, वेगळं बटण नसतं. सासूबाई गाडीपुढे उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि खाली पोत्यावर बसून जप करायला लागल्या. दिवा तसाच चालू.

"आत्याबाई, हे काय करून राह्यल्या?"

त्या दचकल्या नाहीत. "दिवा दाखोवून राह्यली. बैलं व्हते तवा रोज दाखवे मी. आता हे हाय. तुले नेते, सुखरूप आनते. हिले अंधारात काऊन ठेवाव?"

"मग निरांजन आणायचं ना."

"पेट्रोल हाय ना वं तिच्यात!" मला काहीच कळत नाही अशा सुरात त्या म्हणाल्या. "आग नेऊ का जवळ? म्हून तिचाच दिवा लावते."

मी हसले. इतर दिवशी मी लांबच्या रस्त्यावर गाडी चालवून बॅटरी भरत होते. शनिवारच्या सकाळच्या शाळेनंतर गाडी जागेवर, आणि सासूबाईंचा जप संपेपर्यंत दिवा बॅटरी पीत होता. मी त्यांना समजावून सांगितलं की इंजिन बंद असताना दिवा लावला की बॅटरी उतरते.

"म्हंजे सोमवारी बंद पडे ते माह्यानं?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं आत्याबाई."

त्यांनी चटकन किल्ली फिरवून काढली. अंधार झाला. त्या किल्ली पदराने पुसत राहिल्या, मग बोटांनी चाचपून दाराच्या उजेडात धरली.

"हिले डाळीचा भुसा कसा लागला वं?"

मी काहीतरी पुटपुटले, स्वयंपाक करताना पडली असेल वगैरे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा किल्लीकडे पाहिलं, आणि ती माझ्या हातात ठेवून आत निघून गेल्या.

गाडी विकली गेली नाही. नवऱ्याला मी बॅटरीची वायर सैल होती असं सांगितलं. सासूबाई तेव्हा तिथेच भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आता गाडी सोमवारीही पहिल्या बटणात सुरू होते. किल्ली पुन्हा त्याच खिळ्याला असते. सासूबाई तिला हात लावत नाहीत. दिवेलागणीला तुळशीचा दिवा झाला की मागच्या दाराशी उभ्या राहतात आणि इंजिन सुरू ठेवून गाडीचा दिवा लावायला मला हाक मारतात, "सूनबाई, ये वं. तूच लाव."