पाटीवरचा एकुलता एक नंबर

ब्रशमास्तरांना दोन गोष्टींचा फार अभिमान होता. एक म्हणजे त्यांचं अक्षर, आणि दुसरी म्हणजे आपण कधी कुणाच्या भानगडीत पडत नाही ही. अक्षराबद्दल शहरात दुमत नव्हतं. त्यांचा 'क' असा ऐटीत उभा राहायचा की त्याच्याशेजारी बाकीची अक्षरं आपोआप पोट आत घ्यायची. दुसऱ्या अभिमानाबद्दल न बोललेलंच बरं होतं, पण बोलावं लागणार आहे.

बावीस वर्षं मास्तर विभाग कार्यालयाच्या पाट्या रंगवत होते. रस्ता झाला, गटार झालं, बागेत बाकडं बसलं, की तिथे पाटी लागायची. कामाचं नाव, लोकप्रतिनिधीचं नाव, अभियंत्याचं, ठेकेदाराचं आणि शेवटी ठसठशीत 'काम पूर्ण'. काम कधी पूर्ण व्हायचं, कधी अर्धं व्हायचं आणि कधी नुसती पाटीच पूर्ण व्हायची. मास्तर बघायला जात नसत. दुकानाच्या ओट्यावर बसून कागदावरचा मजकूर पत्र्यावर उतरवायचे, आणि ठेकेदाराची माणसं पाटी नेऊन खांबाला ठोकायची. "मजकूर गिऱ्हाइकाचा, अक्षर माझं," असं म्हणून मास्तर हात पुसायचे.

एक हौस मात्र होती. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या बारीक अक्षरांत ते 'रंगकाम: ब्रशमास्तर' असं लिहीत आणि खाली आपला फोन नंबर टाकत. तशी परवानगी कुणी दिली नव्हती, कारण मास्तरांनी ती मागितलीच नव्हती. त्या नंबरावर अधूनमधून एखाद्या दुकानाच्या पाटीचं काम यायचं, म्हणून मास्तर खूश होते.

एका सकाळी त्या नंबरावर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा फोन आला.

"नाल्यावरच्या लाकडी पुलाची तिसरी फळी निघालीय. कधी बसवताय?"

"ताई, चुकीचा नंबर लागलाय. मी पेंटर आहे."

"चुकीचा कसा? पुलाच्या पाटीवर आहे. दुरुस्ती पूर्ण असं लिहिलंय आणि खाली तुमचा नंबर."

"अहो, पण वर बाकीच्यांची नावं आहेत की."

"नावं आहेत, नंबर कुठायत? नावाला फोन लावता येतो का?"

बावीस वर्षांत शहरभर इतक्या पाट्या लागल्या, इतकी नावं झळकली, पण त्यांतला हाताला लागणारा माणूस एकटा आपणच, हे मास्तरांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

त्या बाईंनी बहुतेक शिवायला येणाऱ्या प्रत्येकीला नंबर दिला असावा. महिन्याभरात फोनचा नुसता सुळसुळाट झाला. दिवा लागत नाही, नळाला पाणी नाही, खड्ड्यात रिक्षा रुतली, बाकड्याचा एक पाय चोरीला गेला. मास्तर वैतागून फोन बंद ठेवणार, तेवढ्यात तो त्यांच्या बायकोने काढून घेतला. मास्तरीणबाईंना लग्नाआधी कार्यालयात कारकून व्हायचं होतं. ते राहून गेलं होतं आणि त्याचं खापर त्या आजही मास्तरांवर फोडत. आता संधी चालून आल्यावर त्या थोड्याच सोडणार? जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांनी नोंदी घ्यायला सुरुवात केली.

"नमस्कार, बोला. पाणी किती वाजता जातं? प्रेशर कमी की साफ बंद? तुमचा तक्रार क्रमांक एकशे बेचाळीस. लिहून घ्या."

"अगं, पण आपण काय करणार त्याचं?" मास्तर म्हणाले.

"नोंद करणार. तिकडे तेवढंही करत नाहीत."

लोक तर हरखून गेले. कार्यालयाचा फोन कुणी उचलतं, वर नीट बोलतं, हे शहराला नवीन होतं.

सात महिने असे गेल्यावर शेवटी मास्तर अभियंत्याकडे गेले. अभियंतासाहेब सह्या करत होते. मान वर न करता त्यांनी समोरची खुर्ची दाखवली, म्हणजे स्वारी खुशीत होती.

"साहेब, सगळ्या तक्रारी माझ्याकडे येतायत."

"माहीत आहे. म्हणूनच आमच्याकडे सात महिन्यांत एकही नाही. वरच्या साहेबांनी आपला विभाग निवडलाय मास्तर, शून्य तक्रार विभाग. पुढच्या आठवड्यात सत्कार आहे. येऊ द्यात की फोन. उचलायला काय जड आहे?"

"पण..."

"वरून सांगितलंय, पाट्या यापुढे फ्लेक्सवर छापून घ्या. मी अडवून धरलंय. म्हटलं, आमच्या मास्तरांच्या हाताची सर छापील अक्षराला येणार नाही." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "किती दिवस अडवून धरता येईल, ते तुमच्यावर आहे."

बहुतेक दुकानांनी कधीच फ्लेक्स धरला होता. कार्यालयाचं काम गेलं तर ब्रश धुऊन खुंटीला लावायचा, एवढंच उरलं होतं. निदान त्या पुलाचं तरी बघा, असं मास्तर पुटपुटले.

"उद्याच माणसं पाठवतो," साहेब म्हणाले. "तुम्ही नवी पाटी करून ठेवा. पुनर्दुरुस्ती पूर्ण. तारीख आजची टाका."

मास्तरांनी पाटी केली, आणि त्यातला 'पूर्ण' तर असा काही जमला की ते स्वतःच दोन पावलं मागे जाऊन बघत राहिले. संध्याकाळी शिवणकामवाल्या बाईंचा चौदावा फोन आला, तेव्हा मास्तरांनी तो मुद्दाम स्वतः घेतला.

"ताई, काम झालं. मी स्वतः पाटी रंगवली."

"बरं झालं हो मास्तर. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय." त्या मनापासून म्हणाल्या, आणि मास्तरांनी ते कौतुक बिनदिक्कत खिशात टाकलं.

चार दिवसांनी त्या बाईंच्या बहिणीचा फोन आला. बाई पुलावर पडल्या होत्या. मास्तर दवाखान्यात पोचले तेव्हा उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. शिलाई मशीन त्याच पायावर चालायचं.

"इतके दिवस खाली बघून जायचे," बाई म्हणाल्या. "तिसरी फळी आली की पाय लांब टाकायचे. परवा नवी पाटी वाचली, तुम्ही फोनवरही सांगितलं होतंत, मग वर बघून चालले." त्या रागावल्या नव्हत्या. तोंडभर शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तिथून ते थेट पुलावर गेले. आपली पाटी जागेवर लागलेली बघायची त्यांची ही पहिलीच वेळ. पाटी झकास दिसत होती. तिला चारही कोपऱ्यांना नवे कोरे बोल्ट मारले होते. पुलाला एकही मारलेला नव्हता, आणि तिसऱ्या फळीच्या जागी खालचा नाला दिसत होता. मास्तरांना स्वतःची भयंकर लाज वाटली. त्यांनी कुणाचं काही चोरलं नव्हतं, खाल्लं नव्हतं. फक्त सुंदर अक्षरात लिहिलं होतं, आणि त्यावर एका बाईने पाय टाकला होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. एरवी मास्तरांची एकही चूक हातची न सोडणाऱ्या मास्तरीणबाईंनी या वेळी कपाट उघडून कॅलेंडरची पानं बाहेर काढली.

"मीही तिला बारा वेळा नोंद घेतली म्हटलं," त्या म्हणाल्या. "आणि पानं कपाटात ठेवली."

"खरं लिहिलं तर काम जाईल."

"जाईल. दुपारी झोपा काढा मग. आधी लिहा तर."

मास्तरांनी नवा पत्रा काढला. आयुष्यात पहिल्यांदाच अक्षरही त्यांचं होतं आणि मजकूरही.

'हा पूल दुरुस्त झालेला नाही. झाला असं मीच रंगवलं होतं. तिसरी फळी नाही, खाली बघून चाला. ब्रशमास्तर.' आणि या खेपेला नंबर कोपऱ्यात नव्हता, नावाएवढाच मोठा होता. जुनी पाटी स्वतः उतरवून त्यांनी ही तिथे ठोकली. दोन बोल्ट वाकडे बसले, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

सत्काराच्या दिवशी अभियंतासाहेब हार घालून मंचावर बसले असताना मास्तरीणबाई कॅलेंडरचा गठ्ठा काखेत मारून थेट वरच्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, या विभागाच्या तक्रारी. चुकून आमच्या घरी येत होत्या. तीनशे सहा आहेत. पोच द्या."

"बाई, कार्यक्रमानंतर..."

"थांबते की. प्रत्येक पानावर शिक्का लागेल, त्याला वेळ लागणारच."

सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग ते हसू मागच्या रांगेपर्यंत गेलं. वरच्या साहेबांनी शिक्का मागवला. हार गळ्यात तसाच ठेवून अभियंतासाहेब पहिल्या पानापासून वाचू लागले, कारण वरचे साहेब शेजारूनच वाचत होते.

तीन दिवसांत पुलाला फळी बसली. त्याच आठवड्यात कार्यालयाचं पत्र आलं, यापुढे सर्व पाट्या फ्लेक्सवर. मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि कानाला खडा लावला. चूक कबूल केली, किंमत मोजली, आता आपला कुणाशी संबंध नाही, असं म्हणून ते आडवे झाले.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक अनोळखी माणूस होता.

"पुलावरची पाटी वाचली तुमची. आमच्या शाळेमागच्या गटाराला झाकणं बसवली, अशी पाटी आहे. तीही तुम्हीच रंगवलीत का?"

मास्तर उठून बसले. शाळेमागची पाटी त्यांना आठवत होती. 'झाकणं'मधला 'झ' मनासारखा साधला होता. गटार मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या पुलाखेरीज पाटीवरचं दुसरं कुठलंच काम पाहिलं नव्हतं. बावीस वर्षांच्या पाट्या शहरभर खांबाखांबावर उभ्या होत्या, आणि लोक त्या वाचून पाय टाकत होते.

"हो," ते म्हणाले. "मीच रंगवली."

"मग झाकणं आहेत की नाहीत?"

"मला माहीत नाही," मास्तर म्हणाले आणि चपला शोधू लागले. "मी येऊन बघतो. तोवर पोरांना तिकडून जाऊ देऊ नका."