डोळे आखणाऱ्या बाईची काळी वर्तुळं

पहिल्या सिटिंगनंतर पंधरा दिवसांनी मंदाकाकी आमच्या पेणच्या स्किन क्लिनिकमध्ये परत आल्या. डोळ्यांखालची वर्तुळं कमी व्हायची सोडून आणखी काळी पडली होती. पील मीच लावलं होतं. पील म्हणजे सौम्य ॲसिड. त्वचेचा वरचा काळवंडलेला थर त्याने हळूहळू निघतो.

"बघ गो, काय केलंस," काकी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं.

काकी जवळच्याच जोहे गावच्या. गणपतीच्या कारखान्यात आखणी करतात, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवतात. कारखान्यातलं सगळ्यात मानाचं काम. पण ती वर्तुळं बघून शेठने ठरवलं, बाईची नजर गेली. यंदा आखणी दुसरीला द्यायची. काकींनी डोळे तपासून घेतले, नजर चोख निघाली. शेठ कागद बघेना, तोंडच बघे.

आमचे डॉक्टर सर म्हणाले, स्ट्राँग पील लाव. मी म्हटलं, थोडं थांबू. त्यांनी कारण विचारलं. मी फॉर्म पुन्हा चाळला. झोप, जेवण, औषधं, सगळं विचारून मी त्यावर लिहिलं होतं, पण वर्तुळं का वाढली ते त्यात दिसेना.

शेवटी स्ट्राँग पीलच्या संमतीचा कागद सहीसाठी काकींपुढे केला. काकींनी पेनचं टोक आधी डाव्या हाताच्या पाठीवर टेकवलं, त्याच हाताने दोन्ही डोळ्यांखाली पुसलं आणि मग वाकल्या.

माझी आई अगदी अशीच सही करायची. तीही आखणीवाली. ती ब्रश उचलायची तेव्हा आम्ही पोरं आपोआप गप्प व्हायचो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मी. बी.एस्सी., मग कॉस्मेटॉलॉजीचा डिप्लोमा. ॲडमिशनच्या दिवशी आई सहीला बसली, तेव्हा तिचा तो रंगाने काळा झालेला हात मी माझ्या ओढणीखाली झाकला होता.

"काकी, ब्रशचा जादा रंग हातावर टिपता?"

"मग काय भिंतीवर टिपू? टोक कातडीवरच कळतं."

"आणि घाम आला की?"

काकींनी सवयीने तोच हात डोळ्यांखाली नेला आणि मध्येच थांबवला.

मी सरांना सांगितलं. त्यांनी भिंगातून बघितलं. रंगाने कातडी चिडलेली, रोज चोळून काळी पडलेली, आणि वर आमचं ॲसिड. पील बंद केलं. क्रीम दिलं. काकींना सांगितलं, ब्रशचं टोक हातावरच टिपा, पण गळ्यात एक स्वच्छ रुमाल ठेवा आणि डोळे त्यानेच पुसा.

तीन महिन्यांनी वर्तुळं बरीच उतरली. पूर्ण नाही, वयाचं असतं थोडं. आखणी काकींकडेच राहिली.

"शेठ म्हणतो, लय आराम केलास वाटतं," काकी सांगत होत्या. "म्हटलं, व्हय."

आता मी रोह्याच्या ब्रँचला असते. तिथल्या फॉर्मवर एक ओळ मी स्वतः वाढवून घेतली: काम करताना हात तोंडाला कुठे लागतो? क्लिनिकने महागडं लेझर मशीन घेण्याआधी ही ओळ भरून घ्यावी, स्वस्तात पडते.

आईच्याही डोळ्यांखाली अशीच वर्तुळं होती, ती मी कायम कष्टाची समजले. भिंतीवरच्या तिच्या फोटोतही ती दिसतात. त्यातली निम्मी तरी एका रुमालाने गेली असती.