करडा ब्लॉक

भारतीमावशी ब्लॉक परत न्यायला आल्या तेव्हा काउंटरवर मी एकटीच होते. ब्लॉक म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा मेणात बसवलेला छोटा तुकडा. मुलुंडच्या आमच्या लॅबमध्ये त्यावरून गाठीतले जीन तपासतात.

"फुप्फुसात डाग आलेत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हॉस्पिटलात दाखवायचंय. सगळे दे, पोरी."

मावशी वर्सोव्याला मासळी विकतात. पाच महिन्यांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांची डावी किडनी काढली. लगेच इम्युनोथेरपी द्यायची की नुसते स्कॅन करत राहायचं, यावर त्यांचे डॉक्टर अडले होते. म्हणून त्यांनी आमचा रिपोर्ट मागवला होता.

ही गाठ बहुतेकदा सोनेरी पिवळी असते. मावशींच्या गाठीचा एक कोपरा करडा होता. करड्या भागात मेलेल्या पेशी जास्त. पेशी दिसाव्यात म्हणून दिलेला रंग, म्हणजे स्टेन, खराब येतो, सगळं पुन्हा करावं लागतं. त्यामुळे आमच्याकडे पद्धतच पडली होती, सोनेरी भागाचा ब्लॉक घ्यायचा.

मावशींचा रिपोर्ट करताना करडा ब्लॉक माझ्या हातात होता. मी आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांना विचारलं.

"सर, हाही तपासणीला लावू का?"

"कशाला? सोनेरी घे ना, झकास येतो."

करडा भाग अनेकदा जास्त आक्रमक असतो, हे मला माहीत होतं. मी "ओके, सर" म्हटलं.

सोनेरी तुकड्यात बॅप-वन शाबूत निघाला. हा जीन पेशींना आवर घालतो. तो गेला की आजार सहसा जोर धरतो. रिपोर्ट चांगला गेला. डॉक्टरांनी थांबायचं ठरवलं.

आता मी मावशींना बसवलं आणि सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, ब्लॉक देण्याआधी करडा लावायचाय."

त्यांनी मावशींच्या तपासणीचा जुना फॉर्म काढून पाहिला. "लाव," म्हणाले. ब्लॉक दोन दिवसांनी मिळतील असं सांगून मी मावशींना घरी पाठवलं.

करड्या भागात बॅप-वन नव्हता. गाठीच्या आजूबाजूला शरीराच्या लढणाऱ्या पेशी भरपूर होत्या, पण थकून निकामी झालेल्या. हेही चांगलं लक्षण नाही.

सरांनी सुधारित रिपोर्ट लिहिला, डॉक्टरांना फोन केला. दोन दिवसांनी मावशी पुन्हा आल्या, तेव्हा त्यांना मी सांगितलं.

"म्हणजे तो कोपरा बघितलाच नव्हता?"

"नाही. मी एकदा विचारलं होतं. पुन्हा नाही विचारलं."

"अगं, पापलेटची एक जोडी घेणारी बाईसुद्धा कल्ला उघडून बघते. तुम्ही वरची चमक बघितलीत?"

त्यांनी ब्लॉक रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवले.

उपचार सुरू झाले. आधी झाले असते तर डाग आले नसते का, ते मला माहीत नाही. सरांनाही नाही. परवाच्या स्कॅनमध्ये डाग वाढलेत.

आमच्या फॉर्मवर आता एक रकाना आहे: करडा भाग आहे का? असेल तर दोन्ही ब्लॉक लावायचे. तो भरायला पाच सेकंद लागतात. "ओके, सर" म्हणायला मला तेवढेही लागले नव्हते.