दीदी चुकली तो शनिवार

शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यावरही शनिवार आला की मला परदेशीपुऱ्यातल्या आमच्या हिंदी प्राथमिक शाळेत येणारी ती मुलगी आठवते. इंजिनिअरिंगला होती, हौसेने विज्ञान शिकवायला यायची. पिशवीतून फुगे, लोहचुंबक, मेणबत्त्या काढायची आणि फरशीवर मुलांत बसून म्हणायची, "पहले करके देखो, फिर बोलो."

एकदा पाण्यावर तरंगणारा बर्फ दाखवून तिने फळ्यावर लिहिलं, 'जमने पर हर चीज़ हल्की होती है.' तिसरीतली एक मुलगी उठली. "पर दीदी, जमा हुआ घी तो पिघले घी में डूबता है."

मी तिला दटावलं, "चुप बैठो!"

"नाही मॅडम, ती बरोबर बोलतेय. मीच चुकले," म्हणत दीदीने सगळ्यांदेखत फळा पुसला. पुढच्या शनिवारी घरून तूप आणलं आणि त्या मुलीलाच प्रयोग करायला लावला.

इतक्या वर्षांत वर्गासमोर चूक कबूल करणं मला कधी जमलं नव्हतं. प्रयोग संपल्यावर मी सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हटलं, "बेटा, तुम्हें चुप कराया, वो मेरी गलती थी."

 तुपाचा हात फ्रॉकला पुसून तिने माझ्या हातात दिला. "कोई बात नहीं, मॅडम."