ग्रीस फासलेला दोर

फौजेत असताना राजस्थानात पोस्टिंग होती, रिकव्हरी सेक्शनला, म्हणजे रुतलेले रणगाडे ओढून काढायचे. नगरला हे सांगितलं की लोक म्हणतात, म्हणजे क्रेनवाला. म्हणू देत. मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण हे काम मला कुणा इंजिनिअरकडून समजून घ्यायची गरज नाही.

रुतलेला रणगाडा नुसता जड नसतो, चिखल त्याला खालून धरून ठेवतो. रिकव्हरीची गाडी लांब उभी करायची, तिच्या विंचचा, म्हणजे दोर गुंडाळत ओढणाऱ्या चरखीचा, पोलादी दोर रणगाड्याला जोडायचा आणि हळूहळू ताण द्यायचा. ताणलेला दोर तुटला तर खाली पडत नाही, चाबकासारखा परत येतो. विंचवाला पोलादाच्या आत असतो. बाकी सगळ्यांनी लांब जायचं. एकच माणूस जवळ लागतो, विंचवाल्याला झेंडीनं इशारा देणारा. तो मी.

आमचे उस्ताद हवालदार इंगळे, साताऱ्याकडचे. त्यांनी शिकवलं, दोर डोळ्यानं नाही, चिंधीनं तपासायचा. चिंधी दोरावरून ओढत न्यायची. तार तुटलेली असली की धागा अडकतो. माझं घर शिंगणापूरचं, घराला दार नाही. उस्ताद म्हणायचे, बिनदाराच्या घरातला तू, एवढा संशय कुठून आणलास?

सरावात एक रणगाडा ओढ्यात नाकावर कलला. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण चिखलात दबलं, तो आतच राहिला. वर पाऊस झाला होता, पाणी चढत होतं. आमचा दोर दुसऱ्या कामावर गेलेला, म्हणून स्टोअरमधून दुसरा आला. ग्रीसनं चकाकत होता. इन्स्पेक्शन म्हटलं की फौजेत दगडालाही चुना लागतो. चकाकणाऱ्या वस्तूचा मला संशय येतो, आजही. चिंधी ओढली, सरळ घसरली. एवढ्या ग्रीसवर अडकणार कशी? डिझेलनं थोडा भाग पुसून परत ओढली. धागा अडकला.

उस्तादांनी बोटानं चाचपलं आणि वायरलेस सेटवर कळवलं. तिसरा दोर यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात आतून ड्रायव्हर बोलला, "उस्ताद, पाणी गुडघ्याला आलंय. ओव्हर."

उस्तादांनी माझ्या हातातली झेंडी घेतली.

"मागं हो."

"उस्ताद, हे काम माझं हाय."

"ऑर्डर आहे. तुझ्या चिंधीवर माझा भरवसा आहे, म्हणून सांगतोय. मागं हो."

मी मागं झालो. रणगाडा हलला, नाक वर आलं, झाकण मोकळं झालं. मग दोर तुटला. ड्रायव्हर बाहेर आला तो उस्तादांना हाका मारतच. उत्तर द्यायला ते नव्हते.

आता मी नगरजवळ नागापूरला एका कारखान्याच्या गेटवर असतो. मागं तिथं क्रेननं मशीन उचलायचं होतं. मी डिझेल आणि चिंधी घेऊन गेलो. ठेकेदार म्हणाला, "बाबा, नवा दोर हाय, कशाला हात काळे करता?" मी म्हणालो, नवा आहे तर पुसू दे. पोरं हसली. दोर चांगला निघाला. मला त्यात कमीपणा वाटला नाही.

तो ड्रायव्हर आता आजोबा झालाय. फोन केला की आधी उस्तादांचं नाव घेतो, मग माझी तब्येत विचारतो.

घराला अजून दार नाही. आत देवांशेजारी ती झेंडी आहे. येणारा जाणारा विचारतो, तुमची का? माझीच होती. त्या दिवशी हवालदार इंगळ्यांनी घेतली, तेव्हापासून त्यांची आहे.