वामनचं कार्ड आणि तिसरी बोअर

पंजाबातल्या या खरडमध्ये पंपाची जळलेली मोटार भरायची, म्हणजे आत नवी तार गुंडाळायची, तर माझ्याच दुकानात. हे मी म्हणत नाही, बाजार म्हणतो. शाळा नववीपर्यंत झाली, पण जळलेली मोटार नुसती हुंगून सांगतो, पाणी आटलं म्हणून जळली का तार हलकी होती म्हणून. विट्याकडची आमची माणसं सोनं गाळायला देशभर गेली, तसाच मीही इकडं आलो. ॲसिडचा धूर सोसला नाही, मग तारेच्या धंद्यात शिरलो आणि धाकट्या भावाला, वामनला, मागनं आणलं. ही गोष्ट त्याची.

वामन इथनं जवळच्या डेराबस्सीत औषधाच्या बाटल्या धुवायच्या कारखान्यात पंप सांभाळतो. अकरा वर्षं झाली. सरळ माणूस, माझ्यावर गेलाय. पण कारखान्याच्या कागदावर त्याचं नावच नव्हतं. तिथल्या मालकांची असोसिएशन रस्ते, दिवे, सांडपाणी यासाठी कर घ्यायची तो माणशी. जेवढे कामगार तेवढा कर. मग मालक माणसंच लपवायचा. असोसिएशनचा क्लार्क मोजायला आला की वामन आणि त्याच्यासारखे चाळीसजण मागच्या भिंतीपलीकडं चहाला. आत बावीस उरायचे, तेवढेच खरे.

यंदा बोअरींचं पाणी आणखी खाली गेलं आणि असोसिएशननं नियम फिरवला. माणसांवरचा कर बंद. जमिनीतनं ओढाल त्या पाण्यावर कर, आणि प्रत्येक बोअरीला मीटर. आठवड्याच्या आत वामनला कार्ड मिळालं. फोटो, नंबर, पीएफ, दवाखाना, सगळं. बर्फी घेऊन घरी आला. मी हात लावला नाही.

"दादा, घे की."

"अकरा वर्षं तू दिसला नाहीस त्याला. आता एकदम प्रेम कुठनं आलं?"

"प्रेम कशाला? माणूस ठेवला की भुर्दंड बसायचा, तो गेला. काम देणाऱ्याला दंड कशाला करायचा? जो जमीन उपसतो त्याच्याकडनं घ्या. बरोबरच आहे ते."

"कुणी पढवलं तुला?"

"डोकं आहे मला, दादा."

त्याची पोरगी रेवा मराठी समजते, बोलते हिंदीच. म्हणाली, "मोठे पप्पा को तो प्रसाद में भी गडबड दिखती है."

वामनची बायको सुलोचना म्हणाली, "भावजी, तुकडा तोंडात टाका, चौकशी मग करा."

कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. शिक्का खरा होता. त्यानं तर मला जास्तच संशय आला. खोटं असतं तर समजलो असतो.

तीन आठवड्यांनी वामन टेम्पोतनं जळलेली मोटार घेऊन दुकानात आला. आमच्या घरचं काम बाहेर जात नाही, ही आमची रीत. दुसरीकडं टाकली असती तर मला कधी कळलंही नसतं.

"कुणाची रे ही?"

"आमचीच, कारखान्याची."

"तुमच्या दोन्ही बोअरींच्या मोटारी मीच भरल्यात. साडेसात हॉर्सपॉवरच्या. ही पंधराची आहे."

वामन स्टुलावर बसला. म्हणाला, "शेडमागं तिसरी बोअर आहे. रिकाम्या क्रेटांखाली."

"मीटर?"

"नाही."

मग सगळं बाहेर आलं. दर महिन्याला असोसिएशनला कागद जाणार, कारखान्यात दोनच बोअरी, एवढंच पाणी. खाली पंपवाल्याची सही आणि त्याचा कार्ड नंबर. ज्याचं नावच नाही त्याची सही कोण घेणार? म्हणून कार्ड. आधी माणसं लपवली, आता त्याच माणसाच्या आडोशानं पाणी लपवायचं. पहिली सही शनिवारी होती. केली नाही तर कार्ड जाणार, आणि केली तर ज्या दिवशी कुणी क्रेट हलवील त्या दिवशी चोर वामन.

"ही मी भरत नाही," मी म्हटलं.

"दुसरा भरेल."

"भरू दे. माझ्या हातनं नाही."

"तुझं दुकान आहे दादा. मला कार्ड अकरा वर्षांनी मिळालंय."

मोटार मी तशीच परत टेम्पोत चढवून दिली. 

शनिवारी काय झालं ते त्यानं घरी येऊन सांगितलं. क्लार्क कागद घेऊन आला, शेजारी मालक उभा. वामननं पेन घेतलं, दोनवर काट मारली, तीन लिहिलं आणि सही केली. मालक हसत क्लार्कला म्हणाला, "गलती हो गई, नया लडका है."

वामन म्हणाला, "बाऊजी, ग्यारह साल से हूँ."

वामननं जागा दाखवली, क्लार्कनं स्वतः क्रेट हलवले.

"सोमवारी गेटवरच अडवतील," मी म्हटलं. दिवाळीलाही बंद नसतं ते दुकान सोमवारी बंद ठेवलं आणि त्याच्याबरोबर गेलो. गार्डनं यादीवर बोट फिरवलं, नाव होतं. पूर्वी नुसत्या तोंडी हाकललं असतं, कागदावर नव्हताच तो कुठं. आता काढायचा तर कारण लिहून द्यावं लागतं, आणि कारण काय लिहिणार, खरं लिहिलं म्हणून काढला?

"पंप से हटा दिया तेरे को. पॅकिंग में जा," गार्ड म्हणाला.

वामन आत निघाला. "जा दादा, दुकान उघड."

मी गेलो नाही. दुपारी काढला तर? समोरच्या टपरीवर बसून राहिलो. पाचला तो बाहेर आला. खोक्यांच्या पुठ्ठ्यानं बोटं कापली होती.

"उद्या पण येणार आहेस?"

"बघू," मी म्हटलं.

दुकान बंद ठेवून शुक्रवारपर्यंत रोज गेलो.